बेटावरचे मामा

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी मेणाची वडी खाल्ली. आबिड्सच्या ऑफिसातून बरकतपुऱ्यापर्यंत बसमध्ये लटकत आलो होतो, पोटात कावळे ओरडत होते, स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, आणि ओट्यावर आईच्या स्टीलच्या ताटात सुरेख चौकोनी वड्या पाडून ठेवलेल्या. वास अस्सल भाजक्या शेंगदाण्यांचा. चोरी करायची तर मोठीच करावी म्हणून मी कोपऱ्यातली सगळ्यात जाड वडी उचलली आणि दाताखाली धरली. दात आत गेले ते बाहेर येईनात. तेवढ्यात बायको दारात. तोंडात अर्धी वडी, डोळ्यांत पाणी, अशा अवस्थेत मी तिच्याकडे बघतोय आणि ती म्हणतेय, "अहो, थुंका ती! उंदरांची आहे!"

उंदरांची म्हटल्यावर माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. मी मोरीकडे पळालो. ती मागून ओरडली, "विष नाही त्यात. नुसतं मेण आणि दाण्याचं कूट आहे. उंदीर चावला की दातांचे वळ उमटतात, म्हणजे तो तिथं आहे हे कळतं." मी चूळ भरून परत आलो तर ती माझी उष्टी वडी उजेडात धरून निरखत होती. "तुम्ही आहात, हे कळलं," ती म्हणाली.

आत्मकथन लिहिणारी माणसं मोठं होणं शाळेत उरकून टाकतात. मला ते जमलं नाही. मी मोठा झालो, झालो असेन तर, त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात. तोवर मी पगार आणत होतो, दाढी करत होतो, लग्नही केलं होतं. पण घरात माझं काम लहानपणी होतं तेच होतं, मामांना पोचवून यायचं.

हे मामा म्हणजे उंदीर. आमच्या घरात 'उंदीर' हा शब्द उच्चारायचा नाही असा आईचा दंडक होता. "रात्री मामा आले होते, पीठ सांडून गेले," असं ती म्हणायची. मामा फार यायला लागले की माळ्यावरचा लाकडी पिंजरा खाली यायचा, आत भज्याचा तुकडा अडकवला जायचा, आणि सकाळी खटका पडलेला दिसला की आई पिंजऱ्यावर फडकं टाकून मला हाक मारायची, "दिनू, जा रे, पोचवून ये." त्यांना मारायचं नाही, नुसतं सोडायचं, तेही लांब. आमच्यापासून लांब म्हणजे काचीगुडा स्टेशनच्या मागची पडीक जागा. मी परत आलो की दादा, म्हणजे माझे वडील, चहाच्या बशीतून वर बघून विचारायचे, "गाडी वेळेवर होती का? नांदेडच्या डब्यात बसवलंस ना?" आणि मी म्हणायचो, "खिडकीची जागा मिळाली." हा विनोद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला. मला वाटायचं, गणपतीच्या वाहनाला मारायचं कसं म्हणून आईचं हे सगळं. आम्ही मूळ परभणीकडचे शेतकरी, दादा बँकेतल्या नोकरीसाठी हैदराबादला आले, पण आईनं गावाकडचं देवधर्माचं गाठोडं जसंच्या तसं इथं आणून सोडलं होतं. गाठोड्यात काय काय आहे, ते मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

बायको, म्हणजे वर्षा, हीही परभणीचीच. प्राणिशास्त्र शिकलेली, हिमायतनगरच्या एका कॉलेजात शिकवायची. तिला स्वयंपाकात अंबाडीची भाजी सोडली तर फारसं काही यायचं नाही, पण अंबाडी अशी करायची, चुक्यासारखी आंबट आणि वरून लसणाची खमंग फोडणी, की आईनं पहिल्याच आठवड्यात "बाकीचं मी बघते" असं सांगून टाकलं. दोघींचं गूळपीठ जमलं ते असं, एका भाजीवर. आई आता नाही. त्यामुळे हे लिहिताना मला दुरुस्त करायला वर्षा एकटीच आहे, आणि ती आताच मागून म्हणाली की फोडणीत लाल मिरचीही असायची.

तर ह्या वर्षाचं एक बेट होतं. शहरापासून दोनेक तासांवर एक मोठा तलाव आहे, त्याच्या मधोमध खडकाळ, चार बाभळींचं, आमच्या कॉलनीच्या मैदानाएवढं बेट. उन्हाळा लागला की तिथं नदी सुरय नावाचे पक्षी येतात. अंग राखाडी, डोक्याला काळी टोपी, चोच पिवळीधमक. ते घरटं बांधत नाहीत, उघड्या वाळूत अंगानं खळगा करतात आणि त्यातच अंडी घालतात. चारही बाजूंनी पाणी, म्हणून त्यांना ते सुरक्षित वाटतं. पण मधल्या काळात कोळी लोकांनी तिथं मुक्काम टाकायला सुरुवात केली, त्यांच्या नावांतून तांदळाची पोती गेली आणि पोत्यांतून मामा गेले. बेटावर ना साप ना मांजर. मामांचं साम्राज्य झालं. दोन उन्हाळे झाले, बेटावर एकही पिल्लू जगलं नव्हतं. अंडी सगळी रात्रीतून जायची. वर्षाचे जुने प्राध्यापक रेड्डी सर म्हणायचे, असं झालं की ही पाखरं जागाच सोडून देतात, मग पुन्हा येत नाहीत. सरांनी खटपट करून सरकारी परवानगी आणली होती, ती त्या एका हिवाळ्यापुरती. पाखरं यायच्या आत बेटावरचा शेवटचा उंदीर नाहीसा व्हायला हवा होता. सरांचे गुडघे नावेत चढू देत नव्हते, म्हणून सगळं वर्षावर होतं. सगळा बेत विषाचा होता. बांबूच्या पोकळ नळ्यांत विषाच्या गोळ्या ठेवायच्या, म्हणजे उंदीर आत शिरेल, पाखरू शिरणार नाही. आणि नंतर जागोजागी मेणाच्या वड्या ठेवून कुणी उरलंय का ते बघायचं.

त्याच सुमारास वर्षाला दिवस गेले.

घरात आनंदीआनंद झाला. आईनं डिंक आणला, दादांनी मोअज्जम जाही मार्केटातून सुका मेवा आणला, आणि मला ऑफिसात सगळ्यांना उस्मानिया बिस्किटं वाटावी लागली. मग एके दिवशी जेवताना वर्षानं सहज सांगितलं की पुढच्या रविवारी विष ठेवायला सुरुवात करतोय. आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"कोण करतंय?"

"मी. आणि हे येणारेत नाव धरायला."

"नाही," आई म्हणाली. "बाळ होईपर्यंत नाही. पोटुशी बाई घरात असताना जीव मारायचा नसतो. तिनं नाही, आणि तिच्या नवऱ्यानं तर मुळीच नाही."

"आई, ते तिथले नाहीतच. नावेतून आलेले आहेत."

"आपून तरी इथले कुठं हाव? आपून बी परभणीहून आलेलेच की."

वर्षाला हसू आलं, मलाही आलं. आईला आलं नाही. "मी कायमचं नको म्हणते का? बाळ होईपर्यंत थांब म्हणते."

"पाखरं थांबणार नाहीत, आई."

"मग दुसरं कुणीतरी करंल."

"दुसरं कुणी नाही."

मी दोघींच्या मध्ये बसून डाळ भुरकत होतो. एका बाजूला आई, एका बाजूला बायको, आणि मी वाडग्यात तोंड घालून असा काही तल्लीन झालो की जणू डाळीच्या तळाशी उत्तर आहे. आमची कन्या हे वाचील तेव्हा म्हणेल, पपा, यू वर सच अ कॉवर्ड. पण तिला मराठी वाचायला इतका वेळ लागतो की ती ह्या पानापर्यंत येईस्तोवर मी फिरायला निघून गेलेला असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगायोगानं घरच्याच पिंजऱ्यात एक मामा सापडले. पोचवायला निघालो तर दादा म्हणाले, मीही येतो. ते कधी येत नसत. काचीगुड्याच्या मागच्या रस्त्यानं आम्ही दोघं चाललो, माझ्या हातात फडक्याखाली पिंजरा. पडीक जागेत पोचल्यावर दादांनी स्वतः वाकून झडप उघडली. मामा एक क्षण बसून राहिले आणि मग गवतात दिसेनासे झाले. दादा तसेच उकिडवे बसून म्हणाले, "तुझ्या आधी एक झालं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"गावाकडं होतो. तुझ्या आईला सातवा होता. गोठ्यात साप निघाला. नाग नव्हता, साधी धामण असंल. सगळे म्हणले, जाऊ द्या, घरात पोटुशी बाई आहे. मी ऐकलं नाही. काठी घेतली." ते उठले, गुडघ्यावरची माती झटकली. "बाळ झालं, पण रडलंच नाही. तिनं मला त्या सापाबद्दल एक शब्द कधी विचारला नाही. आजपर्यंत नाही. फक्त त्यानंतर आमच्या घरात काही मारलं गेलं नाही."

स्टेशनवर गाडीची शिट्टी झाली. मी आयुष्यभर त्या जागेवरून विनोद करत आलो होतो. परत येताना दादांनी माझ्या हातातला रिकामा पिंजरा घेतला आणि तो घरापर्यंत त्यांनीच आणला.

हे सगळं मी वर्षाला सांगितलं. ती शास्त्र शिकलेली, मला वाटलं ती म्हणेल की ह्याचा त्याच्याशी काय संबंध. संध्याकाळी आई गॅलरीत मेथी निवडत होती, वर्षा जाऊन तिच्याशेजारी बसली आणि निवडायला लागली. मग म्हणाली, "आई, विष राहू द्या. पिंजऱ्यांनी करते. धरायचे आणि काठावर माळरानात सोडून द्यायचे. तेवढं चालंल का?"

आईनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चपला शोधायला लागलो. "चालंल," आई म्हणाली.

मग आमच्या घरात पिंजऱ्यांचा कारखाना सुरू झाला. आईनं गल्लीतल्या घराघरातून पिंजरे गोळा केले. शेजारच्या खालाजाननं आपला पिंजरा देताना मला विचारलं, "क्या जी, कित्ते चूहे हो गए तुम्हारे घर में?" मी म्हटलं, "हमारे घर में नईं खाला, टापू पे." "टापू पे? चूहे बी तफरी को जाने लगे क्या, अल्ला!" तफरी म्हणजे सहल. त्यानंतर रस्त्यात भेटली की ती विचारायची, टापूवाले कैसे हैं.

दर सुट्टीला आम्ही पिंजरे आणि आईची भजी घेऊन तलावावर जायचो. नाव यादय्याची. तो तेलुगू माणूस, आमच्याशी दख्खनी बोलायचा. रिकामे पिंजरे नेताना तो गाणी म्हणायचा आणि भरलेले आणताना गप्प बसून पाय वर घ्यायचा. मीही घ्यायचो. वर्षा मात्र पिंजऱ्यांवर हात ठेवून बसायची, जणू भाजीच्या पिशव्या आहेत. बेटावरचे मामा शहरी मामांपेक्षा भोळे निघाले, आईच्या भज्यांना असे भुलले की संक्रांतीपर्यंत बहुतेक सगळ्या वड्या कोऱ्या यायला लागल्या. एक सोडून. बाभळीखालच्या वडीवर दर वेळी ताजे वळ असायचे. तो एक उंदीर पिंजऱ्याकडे फिरकतच नव्हता. भजी झाली, सुकट झालं, गुळाचा खडा झाला, खालाजाननं दिलेला शीगकबाबचा तुकडाही झाला. मेणाची वडी खायचा आणि निघून जायचा.

थंडी ओसरायला लागली. तलावाच्या काठावर दोन सुरय फिरताना दिसले, असं यादय्यानं सांगितलं. त्या दिवशी वर्षा घरी आली ती हातात ती वडी घेऊनच, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिली. आई भाकऱ्या करत होती.

"राहू द्या आई," वर्षा म्हणाली. "जमलं तेवढं जमलं."

आईनं तवा उतरवला. "एका मामानं काय होतंय?"

"एकटा असला तरी अंडी खाईल. आणि मादी असून पोटुशी असली तर पावसाळ्यापर्यंत बेट पुन्हा भरंल."

"आणि अंडी खाल्ली की पाखरं काय करतात?"

"बसून राहतात. रिकाम्याच खळग्यावर. काही दिवस बसतात, मग उठतात."

आईनं तवा पुन्हा चढवला. मग तिनं एक गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला. भाकरी फुगली, उलटली, टोपल्यात पडली. मग ती म्हणाली, "विष कुठं ठेवलंय?"

"आई, नको. यादय्याला सांगू का?"

"त्याला सांगणार कोण? तूच ना? मग पाप सांगणारीच्या माथ्यावर. मी सांगते आणि मीच घालते. माझ्या पोटात काही नाही. माझ्या हाताला लागू दे."

दादा दारात उभे होते. त्यांनी सकाळी टॅक्सी ठरवली आणि आमच्यासोबत तलावाच्या काठापर्यंत आले.

आई त्याआधी कधी नावेत बसली नव्हती. ती माझा खांदा दोन्ही हातांनी धरून बसली, यादय्या सारखा "मेल्लगा, अम्मा, मेल्लगा," म्हणजे हळू, हळू, असं म्हणत होता, आणि ती त्याला मराठीत सांगत होती की मी हळूच बसले आहे, तूच नाव हलवतोयस. बेटाजवळ आल्यावर तिनं हुकूम सोडला: वर्षानं आणि मी नावेतून उतरायचं नाही. बेटावर पायही ठेवायचा नाही. वर्षानं तिच्यापुढे रबरी हातमोजे धरले. "पाप करायचं आणि तेही हातमोजे घालून?" आई म्हणाली. पण सुनेनं त्या एका बाबतीत ऐकलं नाही, आणि आईनं ते लालभडक हातमोजे चढवले, पदर खोचला आणि खडकावर उतरली. मग असं दृश्य की बेटावर आई, बांबूच्या नळ्या काखेत धरून, आणि नावेत उभी राहून वर्षा ओरडतेय, "आई, डावीकडे! त्या बाभळीखाली! अजून आत!" आणि आई ओरडतेय, "दिसतंय मला, मी आंधळी नाही!" प्रत्येक नळीपाशी ती वाकायची, गोळी आत सारायची, आणि मग क्षणभर तिथंच थांबून काहीतरी पुटपुटायची.

"अम्मा क्या बोल रईं?" यादय्यानं विचारलं.

"माफी मांग रईं," मी म्हटलं.

यादय्यानं त्यावर विचार केला. "जहर बी डालना, माफी बी मांगना," तो म्हणाला. "अच्छा है."

परतल्यावर आईनं हात धुतले, पुन्हा धुतले, राख लावून धुतले. मग पाटावर बसली आणि म्हणाली, "मला चमचा द्या." बाळ सुखरूप होईपर्यंत ह्या हातानं घास घ्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. परभणीकडची बाई, जन्मात चमचा फक्त खिरीला लावलेला, आणि आता भाकरी डाळीत कुस्करून चमच्यानं खायला लागली. पिठलं चमच्यानं, अंबाडी चमच्यानं, लोणचं सुद्धा चमच्यानं. घास अर्धा वाटेत पडायचा. दादा म्हणाले, "आता काटाही घ्या, म्हणजे आबिड्सच्या हॉटेलात न्यायला बरं." आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी उरलेलं जेवण मुकाट्यानं संपवलं. पण मग त्यांनीच बाजारातून तिच्यासाठी एक खोलगट चमचा आणला, घास न सांडणारा.

पुढच्या खेपेला बाभळीखालची वडी कोरी निघाली. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मग पाखरं आली, काळ्या टोप्या घालून, बेटावर आरडाओरडा करत. आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्षाला बाळंतपणासाठी माहेरी जावं लागलं. काचीगुड्यालाच तिला गाडीत बसवलं. खिडकीतून ती मला पाखरांबद्दलच्या सूचना देत होती, आणि आई तिला डिंकाच्या लाडवांबद्दलच्या.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली तेव्हा आई पुन्हा नावेत बसली. उतरायचं नव्हतं, लांबूनच दुर्बिणीतून बघायचं होतं. आईला दुर्बीण जमेना, ती उलटीच धरायची. मग तिनं ती खाली ठेवली आणि नुसत्या डोळ्यांनी बघत बसली. वाळूच्या रंगाचं एक पिल्लू धावत गेलं आणि आईच्या पंखाखाली शिरलं. "अगं बाई," माझी आई म्हणाली, "दिसतच नाही की." ती मला म्हणाली की यादय्याला म्हणाली, कळलं नाही. परतताना पूर्ण वेळ ती मागे वळून बघत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत परभणीहून फोन आला. मेव्हणा म्हणाला, मुलगी झाली, जोरात रडली, दोघी छान आहेत. आई देवापुढे जाऊन बसली, दादा पंख्याखाली बसून घाम पुसायला लागले, आणि मी फोन धरून उभा. मेव्हण्यानं फोन वर्षाकडे दिला. तिचा आवाज खोल गेलेला, थकलेला. मी पाखरांचंच सुरू केलं. बेट भरून गेलंय, पिल्लं पाण्यापर्यंत पळायला लागली आहेत, सर म्हणाले की...

"पाखरं राहू द्या हो," ती म्हणाली. "आधी जाऊन आईंच्या हातातला चमचा घ्या."